कुठे टोचतंय?

मुलांचे कपडे शिवणं हे मोठ्यांचे कपडे शिवण्यापेक्षा दुप्पट कठीण काम आहे. ज्याला पटत नसेल त्यानं साडेतीन वर्षांच्या एखाद्या मुलाच्या पँटचं माप घेऊन दाखवावं. मोठं माणूस पोट आत ओढून उभं राहतं, खोटं माप देतं आणि मग कपडा घट्ट झाला म्हणून तावातावानं भांडायला येतं. पण निदान एका जागी उभं तरी राहतं. पोरं उभी राहत नाहीत. त्यांना गुदगुल्या होतात, शू लागते, टेपची भीती वाटते, आणि यातलं काहीच नसलं तर आईच्या मागे लपायचं असतं.

मापआजीनं चाळीस वर्षं असल्या पोरांचेच कपडे शिवले. शाळेचे गणवेश, झबली, फ्रॉक, पावसाळी टोप्या. मोठ्यांचं काम ती घेतच नसे. "मोठ्यांचा आरसा खूश करावा लागतो, मला ते जमत नाही," म्हणायची. दुकान म्हणजे रस्त्याला लागून एक खोली. खिडकीशी दोन मशिनं, मध्ये कापायचं टेबल, भिंतीवर लांब आरसा, त्याच्यासमोर एक लाकडी स्टूल. मागच्या दारातून आत गेलं की घर. दाराजवळच्या खुर्चीत तिचा नवरा काजं-बटणं करत बसलेला असे. तो निवृत्त पोस्टमन. पोरं त्याला बटणआजोबा म्हणत आणि तिला मापआजी, आणि दोघांची खरी नावं काय हे त्या गल्लीत आता कुणालाच धड आठवत नव्हतं.

तिची माप घेण्याची रीत मात्र सगळ्यांना पाठ होती. मूल आलं की ती टेप गळ्यात अडकवून त्याच्या उंचीला खाली बसायची आणि विचारायची, "घेऊ का माप?" हो म्हटलं तर पुढे. नाही म्हटलं तर नाही. मग बटणआजोबांच्या डब्यातली बटणं चाळत बसायचं, दहा मिनिटांनी पुन्हा विचारणा. टेपचं वरचं टोक कमरेशी मुलानं स्वतः धरायचं, खालचं टोक घोट्याशी ती धरणार. पँटचं आसन, म्हणजे बसल्यावर जिथे कपडा ताणतो तो भाग, त्याचं माप बरेचसे टेलर मांड्यांमधून टेप घालून घेतात. ती मुलाला स्टुलावर बसवायची आणि कमरेपासून स्टुलाच्या फळीपर्यंत बाजूनं मोजायची. तेवढंच अचूक येतं, आणि मुलाला अवघडायला होत नाही.

आईबापांना एवढा दम कुठला! "अहो, घ्या ना उरकून, त्याला काय विचारता?" असं रोज कुणीतरी म्हणायचंच.

"कपडा त्याच्या अंगावर बसणार आहे, तुमच्या नाही," मापआजी म्हणायची. "अंग ज्याचं, त्याला विचारायला नको?"

लोकांना वाटायचं, म्हातारीचा स्वभावच असा, मोठी हौशी. स्वभाव कसला! तिला हे शहाणपण फार महागात मिळालं होतं, आणि ते मिळालं तेव्हा ती काही म्हातारी नव्हती. तिशीची होती, जिभेनं तिखट आणि हातानं घाईची.

तेव्हा तिची लेक सहा वर्षांची होती. शाळा सुरू व्हायला आठवडा राहिलेला, अंगावर साठ गणवेश, आणि घरात एकच शब्द दोन कामं करत होता. लेक अंघोळ करून तशीच बाहेर पळाली की सगळे म्हणायचे, "शेम शेम! आधी चड्डी घाल." म्हणजे लाज वाटू दे, हा एक अर्थ. आणि पोरीनं आपली आपण ताडलं होतं की जे झाकायचं त्या जागेचंच नाव शेम शेम. नाकाला नाक, गुडघ्याला गुडघा आणि तिला शेम शेम. हा दुसरा अर्थ. दुसरं कुठलं नाव तिला कुणी दिलंच नव्हतं. तुमच्याआमच्या घरी तरी कुणी दिलं होतं?

तर त्या आठवड्यात लेक मशीनपाशी येऊन म्हणाली, "आई, मला शेम शेम होतंय."

नेमकं त्याच आठवड्यात पोरीला गल्लीच्या कार्यक्रमात स्टेजवर नाचायचं होतं. आई समजली, पोर लाजतेय. मशीनवरचा पाय न थांबवता ती म्हणाली, "लाजायचं नाही. मोठी झालीस ना आता?" दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी आई वैतागून म्हणाली, "सारखं काय शेम शेम लावलंयस! जा, खेळ जा." चौथ्या दिवशी पोर काही म्हणाली नाही. पाचव्या दिवशी तापानं फणफणली, आणि दवाखान्यात नेल्यावर कळलं की लघवीच्या जागी झालेला संसर्ग पार मूत्रपिंडापर्यंत चढलाय. बारा दिवस पोर सलाइनवर होती.

तिथली डॉक्टरीण बाई मायाळू होती. तिनं पोरीच्या कपाळावर हात ठेवून विचारलं, "बाळा, इतकी जळजळ होत होती तर आईला का नाही सांगितलंस?"

पोर आईकडे बघतही नव्हती. म्हणाली, "सांगितलं होतं."

हे दोन शब्द मापआजीच्या काळजात रुतले ते कायमचे. पोर बरी झाली, धडधाकट झाली, शिकली, आज प्रयोगशाळेत नोकरी करते. पण त्या दिवसापासून तिनं आईला काही सांगायचं बंद केलं. भांडण नाही, अबोला नाही. अबोला परवडला असता, तो कधीतरी सुटतो. ही आपली गोड बोलायची, हसायची आणि विचारलं की म्हणायची, "सगळं ठीक आहे." गुडघा फुटला तर स्वतःच धुवायची. पाळी आली तेव्हा मैत्रिणीच्या आईला सांगितलं. लग्न ठरवलं ते बापाला सांगितलं. आणि आईनं त्या चार दिवसांबद्दल कधी तोंड उघडलं नाही. सुरुवातीला लाज वाटत होती म्हणून, आणि मग इतकी वर्षं गेली की कुठून सुरुवात करावी तेच कळेना.

लेकीशी बोलता आलं नाही, म्हणून ती दुसऱ्यांच्या पोरांशी बोलायला लागली. माणसं असंच करतात.

सुरुवात धंद्यातूनच झाली. पँटच्या आसनात चार शिवणी एका जागी येऊन भेटतात. तिथे कापड जाड झालं तर नाजूक कातडी सोलून निघते. मूल कुरकुरतं, पण कुठे टोचतंय म्हणून विचारलं तर नुसतं "इथे" म्हणतं आणि लाजून पळतं. टेलरला "इथे" चालत नाही. पुढे, मागे, डावीकडे, असं नेमकं लागतं. तेव्हा मुलांना त्या जागांची नावं यायलाच हवीत, हे मापआजीनं ठरवलं. पण नावं कुठली? या बाबतीत आपल्या मराठीनं मोठी गंमत करून ठेवली आहे. या अवयवांना आपल्याकडे दोनच प्रकारची नावं : एक डॉक्टरांच्या पुस्तकातली आणि दुसरी भांडणातली. मधलं, स्वयंपाकघरात बसून म्हणता येईल असं एकही नाही.

ती त्याच डॉक्टरीण बाईकडे गेली. बाईनं एका चिठ्ठीवर सरळ लिहून दिलं : मुलाचं ते शिश्न, मुलीची ती योनी, अगदी लहानांना 'शूची जागा' म्हटलं तरी चालेल, पण म्हणायचं ते नाकाकान म्हणतो त्याच आवाजात. चिठ्ठी घेऊन मापआजी आरशासमोर उभी राहिली आणि म्हणून बघू लागली. पहिल्या दिवशी शब्द घशाच्या वर येईना. दुसऱ्या दिवशी आला तो इतका मोठ्यानं की नवऱ्यानं सुई बोटात टोचून घेतली.

"काय म्हणालीस?"

"शिश्न म्हणाले. तुम्ही काजं करा."

तिसऱ्या दिवसापासून नवराही सरावला. सराव हीच काय ती युक्ती असते. बाकी सगळं आपण उगाच बाऊ करून ठेवलेलं असतं.

हळूहळू आईबाप कपड्यांचं निमित्त काढून यायला लागले. दुमड सोडायची म्हणून यायचं, इलॅस्टिक सैल झालं म्हणून यायचं आणि जाता जाता दारात घुटमळायचं, की ओळखावं, पोटात काहीतरी आहे. एक आई रडकुंडीला आली होती, की तीन वर्षांच्या मुलाचा हात सारखा चड्डीत असतो. मापआजी म्हणाली, "चड्डी टोचत नाही ना, ते आधी बघते. नाही? मग त्याला बरं वाटतं म्हणून. अंगठा चोखतो तसंच ते. हातावर फटके मारू नका. हे आपल्या खोलीत, चारचौघांत नाही, एवढं सांगा आणि हातात काहीतरी खेळायला द्या." एका बापाच्या मुलीनं विचारलं होतं, आईच्या पोटात बाळ गेलं कुठून. बाप बिचारा तीन दिवस तिला चुकवत फिरत होता. "तिला काय माहीत आहे ते आधी तिलाच विचारा," मापआजी म्हणाली. "आईच्या पोटात बाळासाठी वेगळी पिशवी असते, तिथे ते वाढतं, एवढ्यावर ती खेळायला जाईल बघा. आणखी विचारलं तर आणखी सांगा. पण थापा मारू नका. थाप पकडली गेली की पोर पुढचं दुसऱ्याला विचारते." एकदा तर तिच्याच कापायच्या टेबलाखाली दोन चार-चार वर्षांची मुलं डॉक्टर-डॉक्टर खेळताना एकमेकांच्या चड्डीत डोकावत होती. दोन्ही आयांचे डोळे पांढरे झाले. मापआजी खाली वाकून म्हणाली, "बघून झालं ना? वेगळं असतं ते कळलं ना? आता चड्ड्या वर, आणि या बटणं लावायला." मुलं आली. आयांना मात्र पाणी द्यावं लागलं.

गुपितांबद्दल ती फार कडक होती. "वाढदिवसाची भेट लपवली तर ती चार दिवसांनी सांगायची असते. कधीच कुणाला सांगायचं नाही असं जे कुणी म्हणेल, ते घरी येऊन लगेच सांगायचं. मग सांगणारा कितीही आवडता असो." हे तिचं पालुपद. आणि आईबापांना वेगळं : "पोर सांगेल तेव्हा ओरडू नका. वीस प्रश्न विचारू नका. बरं केलंस सांगितलंस, तुझी काही चूक नाही, एवढं म्हणा. बाकीचं थरथरणं नंतर, दुसऱ्या खोलीत जाऊन."

याचा एकदा खराखुरा उपयोग झाला. एका सहा वर्षांच्या मुलीनं संध्याकाळी जेवता जेवता आईला सांगितलं, की मासे बघायला घरी बोलावणाऱ्या ओळखीच्या गृहस्थांनी मांडीवर बसवून चड्डीत हात घातला आणि गुपित आहे म्हणाले. शब्द अचूक होते, त्यामुळे ऐकणाऱ्याला दुसरा अर्थ काढायला जागाच नव्हती. त्या आईनं ऐकलं, मुलीला जवळ घेऊन तीच दोन वाक्यं म्हटली आणि मग दुसऱ्या खोलीत जाऊन थरथरली. त्याच दिवशी तक्रार झाली. पोर पुढच्या वर्षी नवीन पँट शिवायला आली ती नाचत आली. तिची आई मापआजीच्या हातावर हात ठेवून नुसती उभी राहिली.

हे सगळं होतं आणि मापआजी समाधानी होती. खोटं कशाला सांगा, बरीचशी समाधानी होती. सगळ्या गल्लीची पोरं तिला कुठे टोचतंय ते सांगत. एक तिची लेक तेवढी सांगत नव्हती.

त्या वर्षी तर जावयाच्या तोंडून कळलं, की अर्धवेळ काम संपवून लेक पुन्हा पूर्ण वेळ नोकरीवर जाणार आहे आणि ठकूसाठी पाळणाघरं बघणं चाललंय. ठकू म्हणजे साडेचार वर्षांची नात. दोन रस्ते पलीकडे हक्काची आजी बसलेली असताना पाळणाघर! मापआजीच्या मनाला ते फार लागलं. पण ती तोंडानं म्हणणार तरी काय? माझ्याकडे ठेव म्हणायचा हक्क आपण कुठे हरवला हे तिला तारीखवार माहीत होतं.

मग शाळा नुकत्या सुरू झाल्यावरच्या गर्दीत एका दुपारी लेक ठकूला घेऊन आली. फ्रॉक शिवायचा होता. दुकानात दुसरं गिऱ्हाईक होतं म्हणून ती कोपऱ्यातल्या कापडांच्या गठ्ठ्यावर बसली आणि ठकू बटणआजोबांच्या डब्यात बुडाली. दुसरं गिऱ्हाईक म्हणजे बँकेत काम करणारे एक गृहस्थ आणि त्यांचा पाच वर्षांचा मुलगा. गृहस्थ माप द्यायला आलेच नव्हते. ते भांडायला आले होते.

"तुम्ही माझ्या मुलाला काय शिकवलंत?"

"काय शिकवलं?"

"मला शाळेत बोलावून घेतलं हो! बाईंनी वर्गात विचारलं, कुणाला काही प्रश्न आहे का? हा उभा राहून सांगतो, मुलांना असतो, मुलींना नसतो."

बटणआजोबांचे खांदे हलायला लागले.

"बाईंना वाटलं हा मुलींना मठ्ठ म्हणतोय," गृहस्थ आणखी तापले. "त्यांनी विचारलं, असं का म्हणतोस? तर म्हणाला, प्रश्न चड्डीत असतो, मापआजीनं सांगितलं!"

आता मापआजीलाही हसू आवरेना. पण गिऱ्हाईक पेटलेलं असताना हसायचं नसतं, तेव्हा तिनं टाचणी तोंडात धरली आणि तशीच मुलापुढे बसली. "प्रश्न नाही रे राजा. शिश्न. म्हण बघू. शिश्न."

"शिश्न," मुलगा म्हणाला. "आणि प्रश्न काय असतो?"

"प्रश्न सगळ्यांना असतात. मुलींना जास्तच."

"पुरे झालं!" गृहस्थ म्हणाले. "लहान मुलांना हे... असलं... ते तसलं शिकवायची काही गरज आहे का?"

"कसलं?"

"ते... तुम्हाला कळतंय मला काय म्हणायचंय ते."

"नाही कळत साहेब," मापआजी टाचणी काढून शांतपणे म्हणाली. "म्हणून तर शब्द लागतात. तुम्हाला चाळिशीत म्हणता येईना, त्याला पाचव्या वर्षी येतंय. थोडं चुकतंय, सुधारेल. उद्या त्याला तिथे लागलं, दुखलं, कुणी नको तो हात लावला, तर तो तुम्हाला काय सांगेल? ते, तसलं? आणि तुम्ही काय समजाल?"

गृहस्थांच्या कपाळावरच्या आठ्या एकेक करून कमी झाल्या. मुलगा मध्येच म्हणाला, "बाबा, तुम्हालापण आहे ना?" आणि त्या माणसाला शेवटी हसू फुटलं. त्यांनी दोन गणवेश टाकले, आणि माप घेताना टेपचं वरचं टोक मुलानं धरलेलं ते निमूट बघत राहिले. जाता जाता दारात थांबून, घसा खाकरून, हळूच तो शब्द एकदा म्हणून बघितला. जमला.

लेक हे सगळं कोपऱ्यात बसून बघत होती. ती हसली होती, मापआजीनं तिरक्या नजरेनं बघितलं होतं. तिचा जीव सुपाएवढा झाला. आज पोर खूश आहे, आज नातीला दोन्ही हातांनी कवेत घ्यावी, असं होऊन ती उठली, डब्याशी बसलेल्या ठकूला मागून उचललं आणि गालाचा मुका घ्यायला गेली.

"नको," ठकू म्हणाली आणि तोंड फिरवलं.

आणि मापआजी, इतकी वर्षं दुसऱ्यांच्या पोरांना विचारून हात लावणारी मापआजी, त्या आनंदाच्या भरात बोलून गेली, "आजीला नको म्हणतात का? शेम शेम!"

जीभ चावली, पण उशीर झाला होता. शब्द बाहेर पडला होता आणि कोपऱ्यातल्या लेकीच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं होतं. बटणआजोबांनी सुई खाली ठेवली. संपलं, मापआजीला वाटलं. आता फ्रॉकही नको म्हणेल आणि उठून जाईल.

ठकूनं मात्र आजीकडे कुतूहलानं पाहिलं. "आजी, शेम शेम म्हणजे काय?"

तिनं हा शब्द कधी ऐकलाच नव्हता. साडेचार वर्षांच्या मुलीनं, मराठी घरात, एकदाही! मापआजीनं लेकीकडे बघितलं. लेक गठ्ठ्याच्या दोरीशी चाळा करत होती. म्हणजे हिनं आपल्या घराचा उंबरा त्या शब्दाला ओलांडू दिला नव्हता. इतकी वर्षं कुणाला एक अक्षर न बोलता तिनं तेवढं काम चोख केलं होतं.

मापआजीनं नातीला खाली ठेवलं आणि तिच्या उंचीला बसली. गुडघे कुरकुरले.

"शेम शेम हा एक वाईट शब्द आहे," ती म्हणाली. "माझं चुकलं. तुला न विचारता उचललं तेही चुकलं. तू नको म्हणालीस ते बरोबर होतं."

"वाईट का?"

आता टाळता आलं असतं. फ्रॉकचं कापड दाखवता आलं असतं. पण मापआजी त्या दिवशी टाळणार नव्हती. सत्तावीस वर्षं टाळून तिला कंटाळा आला होता.

"तुझी आई लहान होती ना," ती म्हणाली, आणि आवाज जरा वर-खाली झाला, "तेव्हा तिला शूच्या जागी खूप जळजळ होत होती. तिला कुणी नीट शब्द शिकवला नव्हता. म्हणजे मी शिकवला नव्हता. तिच्याजवळ तो एकच शब्द होता, तो घेऊन ती माझ्याकडे आली. तीन दिवस आली. मी मशीन थांबवलं नाही. मला वाटलं लाजतेय. मग ती खूप आजारी पडली. तिनं सांगितलं होतं, ठकू. अगदी बरोबर सांगितलं होतं. मीच ऐकलं नाही."

ठकूनं विचार केला. "मग तू सॉरी म्हणालीस?"

"नाही गं," मापआजी म्हणाली. "राहूनच गेलं." आणि मग तिनं मान वर करून लेकीकडे पाहिलं. डोळे भरले होते तरी पुसले नाहीत. "चुकलं माझं, बाळा. तू सांगितलं होतंस."

लेकीनं दोरीची गाठ सोडली, पुन्हा बांधली. बटणआजोबा उठले, ठकूला म्हणाले, "चल, आत बिस्किटांचा डबा कुठे ठेवलाय तेच मला आठवेना," आणि तिचं बोट धरून आत गेले. तो माणूस कमी बोलायचा, पण कधी उठून जायचं हे त्याला बरोबर कळायचं.

दोघीच राहिल्या. मापआजीला वाटलं, आता हिनं ठीक आहे म्हणावं आणि जावं; तेवढंही पुष्कळ आहे. तिनं सवयीनं मशीनपाशी जाऊन बसून घेतलं आणि सवयीनंच अर्धवट राहिलेली बाही सुईखाली सरकवली.

"आई," लेक म्हणाली.

"हं?"

"माझी कंबर फार दुखते गं. ठकू झाल्यापासून."

मापआजीचा पाय मशीनच्या पायडलवरून खाली आला.

"कुठे?" ती म्हणाली. "नेमकं कुठे?"

लेक उठली, मशीनशेजारच्या खुर्चीत येऊन बसली आणि पाठीमागे हात नेऊन दाखवू लागली. इथे डावीकडे, खाली वाकलं की कळ येते, रात्री कूस बदलता येत नाही. ते सांगता सांगता दुसरं निघालं, की बाळंतपणात ती फार घाबरली होती. मग नोकरीतल्या नव्या साहेबांचं निघालं. मग पाळणाघरांचं, की एकही मनाला येत नाही, आणि तुला विचारायचं होतं पण कसं विचारू कळेना. मापआजी ऐकत होती. एकदाही मध्ये बोलली नाही, आणि तिच्यासारख्या बाईला ते किती जड गेलं असेल ते तिला ओळखणाऱ्यांनाच कळेल.

मध्येच दाराशी एक गिऱ्हाईक आलं. दोन पोरं, हातात कापड, घाई तर पाचवीलाच पुजलेली. "आजी, माप घ्यायचं होतं."

"उद्या या," मापआजी म्हणाली. "आज माझी लेक आलीय."